सिनेमातली बीटल रेसला न्यायची तर

जुन्या गाड्यांच्या रेसला सिनेमातल्या गाडीची प्रतिकृती न्यायची हौस असेल, तर फॉर्म भरण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. तुम्हाला तिथे गाडी नुसती उभी करायची आहे, की ट्रॅकवर एखादी फेरीही मारायची आहे? दोन्हींची तयारी वेगळी, कागद वेगळे, विमाही वेगळा. खरोखरच्या शर्यतीत उतरायचा विचार मात्र सोडून द्या. ऐतिहासिक रेसिंगचे आंतरराष्ट्रीय नियम एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या ‘अपेंडिक्स के’मध्ये आहेत. गाडी तिच्या काळात जशी धावायची त्याच घडणीची हवी, आणि तसा तांत्रिक पासपोर्ट तिच्या नावाने हवा. सिनेमाच्या पट्ट्यांना तिथे कोणी विचारत नाही.

माझी गाडी म्हणजे ५३ नंबरची पांढरी फोक्सवॅगन बीटल, हर्बी: ‘द लव्ह बग’पासून सुरू झालेल्या डिस्नेच्या सिनेमांतली, स्वतःच्या मनाने धावणारी गाडी. पाट्या रंगवणं हा माझा धंदा, म्हणून गाडीचं बाहेरचं अंग माझ्याकडे आणि इंजिन भाच्याकडे, अशी वाटणी आहे. पुढची उदाहरणं त्यामुळे बीटलचीच येतील. तुमची गाडी दुसऱ्या सिनेमातली असली तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

आधी साल बघा

जुन्या गाड्यांच्या कार्यक्रमात प्रवेश मिळतो तो सालावर. आणि प्रतिकृतीला दोन सालं असतात: एक गाडीचं, दुसरं सिनेमाचं.

इंग्लंडमधलं गुडवुड घ्या. त्या ट्रॅकवर १९४८ ते १९६६ या काळात शर्यती झाल्या, आणि १९९८ पासून तिथे भरणारं ‘रिव्हायवल’ तोच काळ पुन्हा उभा करतं. नुसत्या गाड्या नाहीत, माणसांचे कपडेसुद्धा त्या काळातले. हर्बी मूळची १९६३ ची बीटल, म्हणजे ती सालात बसते. पण तिच्या अंगावरचा ५३ आणि लाल-पांढरे-निळे पट्टे पडद्यावर आले १९६८ च्या अखेरीला. काटेकोर आयोजक म्हणेल, बीटल जरूर आणा, हर्बी नको. त्याचं काही चुकत नाही. ‘बॅक टू द फ्यूचर’मधली डीलॉरियन आणणाऱ्यांना तर अशा ठिकाणी फाटकाबाहेरच्या पार्किंगवर समाधान मानावं लागतं, कारण ती गाडीच बनली १९८१ ते १९८३ मध्ये.

म्हणून अर्जासोबत चारही बाजूंचे फोटो पाठवा आणि पहिल्याच ओळीत ‘ही सिनेमातल्या गाडीची प्रतिकृती आहे’ असं लिहा. आयोजकाने ऐन वेळी फाटकावर बघून कपाळाला आठ्या घालण्यापेक्षा घरबसल्या नकार आलेला बरा. आमच्या अनुभवात जिथे सिनेमाच्या गाड्यांना वेगळा कोपरा असतो, किंवा क्लबच्या गाड्यांसाठी जागा राखलेली असते, तिथे होकार सहज मिळतो.

विम्याचं थोडक्यात सांगते. रस्त्यावरचा विमा ट्रॅकवर चालतोच असं नाही, अगदी पेस कारच्या (सगळ्यांच्या पुढे राहून वेग ठरवणाऱ्या गाडीच्या) मागून हळूहळू मारलेल्या फेरीलाही. कंपनीला लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या.

रंग, आकडा आणि पट्टे

या भागात मी जरा रेंगाळणार आहे.

हर्बीचा पांढरा म्हणजे पांढराशुभ्र नव्हे. तो फोक्सवॅगनचा ‘एल ८७’, पर्ल व्हाइट, किंचित सायीकडे झुकणारा. पांढराफेक रंग दिलात तर उन्हात गाडी फ्रिजसारखी दिसते आणि जाणकार दुरूनच ओळखतात. आतला रंग तर बहुतेक जण विसरतातच. शूटिंगच्या दिव्यांची चमक कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून सिनेमातल्या गाडीचं अंतरंग न चमकणाऱ्या करड्या रंगात रंगवलं होतं. पहिल्या सिनेमात गाडीवरची फोक्सवॅगनची बोधचिन्हंही काढून टाकली होती. नंतरच्या सिनेमांत ती परत आली, पट्ट्यांची आणि आकड्यांची जागाही थोडीथोडी सरकत गेली. तेव्हा कुठल्या सिनेमातली हर्बी करायची ते एकदा नक्की करा आणि त्याच सिनेमाच्या चित्रांवरून मापं घ्या. एकीचं बॉनेट आणि दुसरीचे दरवाजे अशी सरमिसळ झाली, की कोणीतरी बोट दाखवायला येणारच.

मूळ गाडीच चुकीच्या सालाची असेल तर रंगाने ते झाकत नाही. १९६५ च्या मॉडेलपासून बीटलच्या खिडक्या मोठ्या झाल्या. मागे दुमडणारं कापडी छत १९६३ पर्यंतच होतं, पुढच्या वर्षी त्याच्या जागी हँडलने सरकणारं पत्र्याचं झाकण आलं. पुढच्या मडगार्डवरचे इंडिकेटरही १९६४ ला रुंद झाले. म्हणून काय सत्तरच्या दशकातली बीटल हर्बी करू नये? खुशाल करावी. फक्त ती हुबेहूब आहे असं सांगत फिरू नये.

आकडा रंगवायचा की व्हिनाइलचा चिकटवायचा? मी रंगवते, कारण माझा हात त्यात बसलेला आहे. तुम्ही व्हिनाइल घ्या, पण ‘कास्ट’ प्रकारचं. स्वस्तातलं ‘कॅलेंडर्ड’ व्हिनाइल सपाट दुकानाच्या पाटीला ठीक. बीटलच्या बॉनेटला दोन्ही दिशांनी गोलाई आहे, तिथे ते ताणून बसवलं की दोन दिवसांत कडा आक्रसतात. पत्र्यावर साबणाचं पाणी फवारा, आकड्याचा गोल सरकवत मध्यावर आणा, आणि मधून कडेकडे पाणी काढत जा. गोल बरोबर बसला का, हे जवळून कळत नाही. दहा पावलं मागे जाऊन बघा. टेपने मोजून मध्यावर लावलेला गोल त्या वळणदार बॉनेटवर खाली घसरल्यासारखा दिसतो, म्हणून डोळ्यावर विश्वास ठेवा. पट्टे छतावरून मागे जातात, आणि कापडी छतावर व्हिनाइल टिकत नाही, तिथे कापडाचाच रंग लागतो. जुन्या, फुगलेल्या रंगावर व्हिनाइल लावू नका. काढताना खालचा रंगही सोबत येईल.

चुंबकाची स्टिकरं घेऊ नका. दारावर एक वेळ ठीक, तेही गाडी उभी असताना. बॉनेटच्या गोलाईवर चुंबक पूर्ण टेकत नाही, खाली वारा शिरतो आणि ते उडतं. रस्त्यावर उडालं तर नुकसान तुमचं. ट्रॅकवर उडालं तर सगळ्यांची फेरी थांबते.

ओएफपी ८५७ ही सिनेमातली कॅलिफोर्नियाची काळी-पिवळी नंबर प्लेट फक्त गाडी उभी असताना लावायची. सार्वजनिक रस्त्यावर गाडीची स्वतःची प्लेट हवी. आम्ही सिनेमाची प्लेट दोन क्लिपांवर बसवली आहे, मैदानात गेल्यावर लावतो आणि निघताना काढतो.

५३ नंबरची अडचण

हा आकडा बेसबॉलपटू डॉन ड्रायस्डेलच्या जर्सीवरून घेतला, ही गोष्ट तुम्हाला दिवसभरात दहा जण सांगतील. त्यांना सांगू द्या. तुम्हाला ठाऊक हवी ती गोष्ट वेगळी: रेसच्या मैदानात आकडा म्हणजे सजावट नसते. टायमिंगवाले, ट्रॅकवर झेंडे दाखवणारे मार्शल, रेडिओवर बोलणारे, सगळे गाडीला आकड्यानेच ओळखतात. त्या दिवशीच्या यादीत खरी ५३ नंबरची गाडी असेल आणि तुमची बीटल त्याच वेळी पिट लेनच्या (शर्यतीतल्या गाड्या दुरुस्तीला थांबतात त्या गल्लीच्या) आसपास हिंडत असेल, तर रेडिओवर ‘५३ चुकीच्या जागी’ असा निरोप जातो आणि भलताच माणूस शिव्या खातो.

नोंदणीच्या टेबलावर पोचलात की आधी विचारा, ‘आज ५३ कोणाचा आहे?’ असेल तर गाडी जागेवरून हलवताना आकडा झाका. कमी चिकटणारी रंगाऱ्याची टेप घ्या, आकड्यावर फुली मारा. रेसवालेही हेच करतात. भाचा तर प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्याआधी ओरडतो, ‘मावशी, फुली!’ फोटोसाठी टेप काढायची, गाडी हलवताना परत लावायची. वैताग आहे, पण या एका गोष्टीमुळे मार्शल लोक तुम्हाला आपल्यातलं मानायला लागतात. काही देशांत शर्यतीचा आकडा उघडा ठेवून सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणंही चालत नाही, तेव्हा टेपचं रिळ गाडीतच ठेवा.

तपासनीस खाली वाकून बघतो

प्रेक्षक पट्टे बघतात. तपासनीस गाडीखाली टॉर्च मारतो. फेरीसाठी नाव दिलं असेल तर पट्ट्यांइतकाच वेळ गाडीच्या पोटाला द्या.

पहिली गोष्ट ऑइल. बीटलच्या इंजिनात जेमतेम अडीच लिटर ऑइल बसतं, आणि मूळ इंजिनाला ऑइल फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. या गाड्या थोडं थोडं टिपकतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारात, खाली ट्रे ठेवला तर कोणी काही म्हणत नाही. ट्रॅकवर पडलेलं ऑइल मात्र मागून येणाऱ्या मोटरसायकललासुद्धा आडवं करतं. आदल्या आठवड्यात पुशरॉडच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह कव्हरची गॅसकेटं पुसून कोरडी करा, अर्धा तास गाडी चालवा आणि पुन्हा बघा.

दुसरी पेट्रोलची नळी. जुन्या बीटल पेटल्या की बहुधा इथूनच पेटतात. कापडाच्या वेष्टनाची जुनी नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून तडकलेली असते. नळ्या नव्या घाला, प्रत्येक जोडावर क्लॅम्प लावा. अग्निशामक पुढच्या सीटसमोर धातूच्या ब्रॅकेटमध्ये पक्का बसवा. सीटखाली गडगडणारा अग्निशामक तपासनिसाच्या दृष्टीने सुटं सामान.

फॅन बेल्ट. याच पट्ट्यावर हवा देणारा पंखा फिरतो आणि जनरेटरही. तो तुटला की डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो. त्या दिव्याचा अर्थ ‘बॅटरी चार्ज होत नाही’ एवढाच समजून पुढे जाऊ नका, इंजिनाला हवाच मिळत नसते. ताबडतोब थांबा. जादा बेल्ट आणि तो बदलायचा पाना डिकीत ठेवा, आणि इथे डिकी म्हणजे पुढची, हे मदतीला येणाऱ्याला आठवण करून द्या. इंजिनाभोवतीची रबरी पट्टीही तपासा. ती तुटली असेल तर खालची गरम हवा पुन्हा वर ओढली जाते, आणि पेस कारच्या मागे रांगत जाताना इंजिन तापतं.

१९६३ ची गाडी कारखान्यातून सहा व्होल्टची निघालेली असते. सिनेमातल्यासारखे मिचकावणारे हेडलाइट बसवायची हुक्की आली, तर तो जादा भार आधी मोजा आणि त्या तारेला स्वतंत्र फ्यूज द्या. बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिचे टर्मिनल झाका, कारण सीटच्या स्प्रिंगा वरून दाबल्या गेल्या की तिथे ठिणगी पडू शकते.

टायरच्या बाजूला चार अंकांचा शिक्का असतो: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हौशी गाड्यांचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. नक्षी नवी दिसते आणि रबर लाकूड झालेलं असतं. हवा मागच्या चाकांत पुढच्यांपेक्षा बरीच जास्त ठेवायची, इंजिन मागे आहे. या बीटलचा मागचा अ‍ॅक्सल ‘स्विंग’ प्रकारचा. वळणात अचानक अ‍ॅक्सलरेटर सोडला की मागचं चाक आत दुमडतं आणि गाडीचा पार्श्वभाग वर उचलला जातो. चौतीस अश्वशक्तीच्या मूळ इंजिनावर काय होणार, असं वाटतं. उतारावरच्या वळणात होऊ शकतं.

आणि सगळ्या गंमती उतरवून ठेवा. सिनेमात हर्बी खलनायकाच्या बुटावर ऑइलची पिचकारी मारते. तीच पिचकारी पाण्याची करून लोकांना हसवायचा मोह एका ओळखीच्या गृहस्थांना झाला होता. पॅडॉकमध्ये गाडीखाली ओला डाग दिसला की आजूबाजूचे आधी हसत नाहीत, पेट्रोल आहे का ते वाकून बघतात.

ट्रेलरवर

गाडी चालवत नेता आली तर उत्तम. ट्रेलर असेल तर बीटलचं वजन मागच्या बाजूला असतं हे ध्यानात ठेवा. नेहमीच्या सवयीने तोंड पुढे करून चढवली की ट्रेलरचा मागचा भाग जड होतो, पुढचा हलका, आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. अशी शेपटी सुरू झाली की सावरणं कठीण. गाडी उलटी चढवा, किंवा इतकी पुढे घ्या की जोडणीवर पुरेसा भार येईल. साधारण एकूण वजनाच्या दहा टक्के म्हणतात, पण तुमच्या हुकची आणि ट्रेलरची मर्यादा काय लिहिली आहे ते पहिलं बघा. गाडी बांधायचे पट्टे चाकांवरून आवळा, बंपरला बांधू नका. थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा आवळा. आणि उघड्या ट्रेलरवर गाडी उलटी असेल तर स्टिकरच्या ज्या कडा एरवी वाऱ्याच्या पाठीमागे असतात, त्या आता वाऱ्याला तोंड देतात. त्यांवर टेप लावा.

पॅडॉकमध्ये

तुमच्या शेजारी खऱ्या रेसची गाडी उभी असेल, आणि तिच्याभोवती हात काळे झालेली माणसं घड्याळाकडे बघत काम करत असतील. तुमच्या गाडीभोवती मात्र गर्दी जमणार. शंभर पटीने दुर्मिळ गाडी बाजूला सोडून मुलं बीटलकडे धावतात, हे दर वेळी होतं. ही गर्दी शेजाऱ्याच्या वाटेत येऊ न देणं तुमचं काम. गाडी अशी लावा की लोक फोटो काढायला मागे सरकतील तेव्हा ते मोकळ्या बाजूला सरकतील, गाड्या जायच्या वाटेवर नव्हे. कोपऱ्यातली जागा मिळाली तर कुरकुर न करता घ्या.

समोर पाटी लावा. माझ्या पाटीवर ‘हर्बी’ मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली ‘प्रतिकृती’ तितक्याच स्पष्ट अक्षरांत आहे. तो शब्द बारीक लिहिणाऱ्यांची मला गंमत वाटते. सिनेमात एकच हर्बी नव्हती, वेगवेगळ्या करामतींसाठी बऱ्याच बीटल वापरल्या होत्या, आणि चालक दिसू नये म्हणून मागच्या सीटवरून चालवता येणारीही एक होती. हे सांगितलं की लोक खूश होतात. ‘मग तुम्हीही मागे बसून चालवा ना!’ ही फर्माईशही लगेच येते. हसून टाळा, पॅडॉकमध्ये पाच फूटसुद्धा तसं करू नका.

मुलांना आत बसू द्यायचं की नाही, ते आधीच ठरवा. बसू द्यायचं असेल तर गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, किल्ली तुमच्या खिशात, बॅटरी तोडलेली. काच दोन बोटं खाली ठेवा. बीटल इतकी हवाबंद असते की काचा पूर्ण वर असताना दार नीट लागत नाही, मग मुलं ते दाणकन आपटतात. छत उघडून कोणालाही उभं राहू देऊ नका. एका मुलीने माझ्या भाच्याला विचारलं होतं, ‘काका, ही एकटी असताना चालते का?’ त्याने गंभीरपणे सांगितलं, ‘चालते, पण पेट्रोल आम्हालाच भरावं लागतं.’

फेरीची वेळ

ब्रीफिंगला, म्हणजे फेरीआधी सूचना देतात त्या बैठकीला, जा. सगळे झेंडे माहीत आहेत असं वाटत असलं तरी जा. पिवळा म्हणजे पुढे धोका, लाल म्हणजे फेरी थांबली, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, पिवळ्या-लाल पट्ट्यांचा म्हणजे रस्ता निसरडा. फेरीत ओव्हरटेक नाही. हे नियम सगळ्यांना पटतात, पण पुढची स्पोर्ट्स कार लांब जाताना दिसली की पाय खाली जातो. जाऊ द्या तिला. अंतर पडलं तर पडलं. अंतर ठेवून मग सरळ रस्त्यावर सुसाट सुटायचं, हा खेळ मार्शलना लगेच कळतो आणि पुढच्या फेरीतून तुमचं नाव कमी होतं.

निघण्याआधी गाडी पूर्ण रिकामी करा: पाटी, ट्रे, पाण्याची बाटली, सिनेमाची प्लेट, क्लिपासुद्धा. खिडकीतून हात बाहेर काढायचा नाही, लोकांना आतूनच दाखवा. फेरी झाल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवा, म्हणजे पंखा फिरत राहतो.

सिनेमातल्या शेवटच्या शर्यतीत हर्बीचे दोन तुकडे होतात, पुढचा अर्धा तिसरा येतो आणि मागचा पहिला. फेरीवरून परत आल्यावर कोणीतरी त्यावरून चिडवेलच. त्या वेळी एकदा सगळे बोल्ट खरंच चाचपून बघा, विशेषतः चाकांचे.

परत निघताना गर्दी ओसरेपर्यंत थांबा. रांगेत तासभर पहिल्या गिअरमध्ये सरकत राहणं या इंजिनाला आणि क्लचला मानवत नाही. ऑइल मोजा, खरी नंबर प्लेट लावली आहे ना ते बघा, आकड्यावर फुली मारा. घरी पोचलात की ती टेप त्याच रात्री काढा. दुसऱ्या दिवशीचं ऊन तिच्यावर पडलं की डिंक पत्र्याला धरतो, आणि मग तो काढायला रॉकेलचं फडकं घेऊन बसावं लागतं.